लाडक्या रॉक बँडच्या नव्या गाण्यात देव आला आणि चाहत्यांत दोन तट पडले. गाणं धार्मिक आहे की नाही, हे ठरवायचं कसं?

तुम्ही बँडचं नाव लिहिलेलं नाही, त्यामुळे ते गाणं माझ्या कानावरून गेलंय की नाही कुणास ठाऊक. पण भांडण कळलं. रत्नागिरीतल्या तुमच्या मित्रमंडळींचा लाडका बँड, त्याच्या नव्या गाण्यात क्षमा, न्यायाचा दिवस आणि ‘तू मला का टाकलंस’ असली ओळ. अर्धे म्हणतात, बँड देवाच्या नादी लागला, आता हा प्रचार सुरू झाला. अर्धे म्हणतात, देवबिव काही नाही, तो ‘तू’ म्हणजे गायकाची सोडून गेलेली बायको. एक जण चिडून ग्रुप सोडून गेला. आता तुम्ही विचारताय, खरं कोण बोलतंय.

तुम्ही दिलेली ओळ तशीच असेल तर माझं मत असं: गाणं धार्मिक आहे आणि तो प्रचार नाही. दोन्ही तटांना हे पटणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी कणकवलीकडचा. घरात भजनाची पेटी आणि मोठ्या भावाच्या रॉकच्या कॅसेटी एकाच कपाटात असायच्या. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश रॉक बँडच्या पहिल्या, 1970च्या अल्बमच्या कव्हरवर काळ्या कपड्यातली एक फिकट बाई उभी आहे. ती बघून आमच्या आतेने कॅसेट देवाच्या खोलीत न्यायला बंदी केली होती. आतेचं सोडा, त्या काळी इंग्लंड-अमेरिकेतल्या भल्याभल्यांनाही बर्मिंगहॅमची ही पोरं सैतानाची पूजा करतात असंच वाटायचं. बँडचं नाव एका भयपटावरून घेतलेलं, गळ्यात मोठे क्रूस, आवाजही अंगावर येणारा. आणि याच बँडचं 1971चं ‘आफ्टर फॉरेव्हर’ ऐकाल तर ते सरळसरळ श्रद्धाळू माणसाचं गाणं आहे. शब्द लिहिणारा गीझर बटलर कॅथलिक घरात वाढलेला. मित्र हसतील म्हणून देवावरचा विश्वास लपवता का, असं तो ऐकणाऱ्याला विचारतो. पण गाण्यात पोपबद्दल एक झोंबरी ओळ आहे, आणि लोकांनी लक्षात ठेवली ती तेवढीच. चाहते काय, विरोधक काय, एक ओळ धरून बसायची सवय दोघांनाही.

पण सॅबथचं ते गाणं देवाबद्दल बोलतं ते ऐकणाऱ्याशी. तुमच्या गाण्यातली ओळ तशी नाही, ती थेट देवाला विचारते. मी गाणं जोखतो ते याच फरकावर. किती वेळा देवाचं नाव आलं, गायक रविवारी चर्चला जातो का, गळ्यात माळ आहे का, हे मोजत बसून काही हाती लागत नाही. गाणं बोलतंय कुणाशी, ते बघा. ‘बाबांनो, सुधरा, इकडे या’ असं आपल्याला सांगत असेल तर तो उपदेश, बँड कितीही आवडता असो. नुसता भारदस्तपणा यावा म्हणून देवदूत, नरक, घंटानाद ठेवले असतील तर ती सजावट. आणि गायक तुमच्या-आमच्याकडे पाठ करून देवाशीच भांडत असेल, तर त्याहून धार्मिक गाणं मला माहीत नाही. तुकोबांनी ‘माझे लेखीं देव मेला’ म्हटलं म्हणून त्यांना नास्तिक कोण म्हणेल? एवढा राग यायला समोर कुणीतरी असावं लागतं.

रॉक मुळात देवाविरुद्धचं संगीत आहे, असं तुमचा एक तट धरून चाललाय. हे तपासून बघायला हवं. हे संगीत ब्लूज आणि काळ्या लोकांच्या चर्चमधल्या गॉस्पेल गाण्यातून आलं. एल्विस प्रेस्लीने स्पर्धेत जिंकलेले ग्रॅमी संगीत पुरस्कार तीन, आणि तिन्ही गॉस्पेलसाठी. लिटल रिचर्ड 1957 साली ऐन भरात रॉक सोडून धर्मोपदेशक व्हायला निघाला होता, पुढे परत आला. म्हणजे चर्च आणि स्टेज यांच्यामधली ये-जा पहिल्यापासूनची आहे. आपल्याकडे रॉक पोचलं ते विंग्रजी, बंडखोर आणि घरच्या आरतीपासून सुटका म्हणून. संध्याकाळी सातला घरात आरती सुरू झाली की कानात हेडफोन घालणारा मुलगा मीही होतो. मग ज्याच्या जोरावर आपण पळालो तोच गायक हात जोडून उभा दिसला की फसवल्यासारखं वाटतं. तुमच्या पहिल्या तटाचा राग मला तिथून आलेला दिसतो. गाण्याशी त्याचा संबंध थोडा.

दुसऱ्या तटाचं ‘बायको’ प्रकरणही नवं नाही. गवळणीत राधा कृष्णाला रागाने बोलते तेव्हा ते प्रेम की भक्ती, असं आमच्याकडे भजनात कुणी विचारत नाही. तो ‘तू’ दोन्हीकडे चालतो म्हणूनच गाणं चालतं. त्यात एकच अर्थ काढून दुसरा बाद करायचा हट्ट का?

आता यू टूचं बघा, कारण या विषयावर सगळ्यात जास्त वाद त्यांच्याच चाहत्यांनी घातलाय. 1976 साली डब्लिनच्या एका शाळेतल्या पोरांनी काढलेला बँड. चौघांपैकी बोनो, एज आणि लॅरी मलन हे तिघे ‘शालोम’ नावाच्या ख्रिस्ती प्रार्थनागटात होते, बास गिटार वाजवणारा अॅडम क्लेटन नव्हता. 1981चा ‘ऑक्टोबर’ अल्बम करताना हे तिघे खरोखरच अडले होते: देव मानायचा आणि रॉकही वाजवायचं, हे एकत्र बसतं का? बँड मोडायच्या बेतात आला होता. म्हणजे तुमच्या ग्रुपमधलं भांडण तिथे बँडच्या आतच झालं. पुढे 1983च्या ‘वॉर’ अल्बमचं शेवटचं गाणं त्यांनी बायबलमधल्या चाळिसाव्या स्तोत्रावरून केलं आणि नावही नुसतं ‘40’ ठेवलं. कितीतरी वर्षं ते कार्यक्रमाच्या शेवटी असायचं. वाजवणारे एकेक करून स्टेज सोडून जायचे आणि लोक ‘हे गाणं गायचं तरी कुठवर’ अशा अर्थाचं पालुपद गात राहायचे. त्या गर्दीत श्रद्धाळू किती आणि तिकीट काढलं म्हणून आलेले किती?

न मानणाराही सुरात सूर का मिसळतो, हे मला आमच्या गाऱ्हाण्याशिवाय समजलं नसतं. देवळात गावकर नाहीतर गुरव गाऱ्हाणं घालतो, ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात, गावावरची इडापिडा, आंब्याचा मोहोर, मुंबईला गेलेली पोरं, सगळं देवाच्या कानावर घालतो आणि मागे उभे असलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. आमच्यातले एक मास्तर पक्के नास्तिक, देवळाची पायरीसुद्धा तत्त्वाने न चढणारे. गाऱ्हाण्याला बाहेर अंगणात उभे असतात, आणि ‘व्हय म्हाराजा’ त्यांच्याही तोंडून जातं. एकदा कुणीतरी छेडलंच, ‘मास्तरानू, तुम्ही देवाक मानतास काय नाय?’ ते म्हणाले, ‘गावाक मानतंय.’

यू टूचंच 1987चं ‘आय स्टिल हॅवन्ट फाउंड व्हॉट आयम लुकिंग फॉर’ घ्या. शेवटाकडे गायक क्रूसाचा उल्लेख करून आपला विश्वास कबूल करतो, आणि लगेच पुन्हा म्हणतो, मला जे हवंय ते अजून सापडलेलं नाही. श्रद्धाळू चाहते पहिला भाग पुढे करतात, बाकीचे दुसरा. दोघांनाही पूर्ण गाणं नको असतं. मला तर त्या दोन ओळी एका श्वासात येतात यातच गंमत वाटते.

15 डिसेंबर 2019ला हे लोक नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये वाजवून गेले. त्याआधी काही आठवडे त्यांनी ए. आर. रहमानबरोबर ‘अहिंसा’ नावाचं गाणं आणलं होतं, त्यात तिरुक्कुरल या प्राचीन तमिळ ग्रंथातल्या ओळी आहेत. आणि तिरुक्कुरल लिहिणारा तिरुवल्लुवर जैन की हिंदू, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही! म्हणजे आयर्लंडचे ख्रिस्ती, चेन्नईचा मुसलमान संगीतकार आणि कुणाचा ते न ठरलेला कवी. तुमच्या ग्रुपला या गाण्याचा धर्म ठरवायला बसवलं तर उरलेलेही ग्रुप सोडून जातील.

‘पण वाद्यं परकी, चाल परकी, मग भक्ती कसली?’ असंही तुमच्यातल्या कुणीतरी म्हटलंय. हे मात्र कोकणात बसून बोलू नये. डबलबारीला, म्हणजे भजनाच्या सामन्याला, दोन बुवा समोरासमोर बसतात, आणि गजर रंगात आला की पेटीवर सिनेमाची चाल केव्हा सुरू झाली ते कळतही नाही. पखवाजवाला हसतो, लोक टाळ्या देतात. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचं 1970चं ‘माय स्वीट लॉर्ड’ याच वळणाचं. मागचा कोरस ‘हालेलुया’ म्हणता म्हणता ‘हरे कृष्ण’वर येतो, पुढे ‘गुरुर्ब्रह्मा’ही येतं. चर्चला जाणाऱ्यालाही ठेका धरायला लावून मग नाम घ्यायला लावायचं, हा त्याचा डाव होता. वर त्या चालीवरून खटला झाला आणि 1976 साली अमेरिकेतल्या न्यायालयाने ठरवलं की एका मुलींच्या गटाच्या जुन्या प्रेमगीताची चाल त्याने नकळत उचलली. आमच्या बुवांना हे सांगा, ते म्हणतील, नकळत कित्याक, उघड उचलायची!

उलट दिशेनेही हे झालेलं आहे, आणि आपल्याच किनाऱ्यावर. इंग्लंडमधून 1579 साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने येशूची कथा मराठीत लिहिली, तीही ओवीत. 1616 साली साष्टीतल्या रायतूरला ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून त्याने पुराणच दिलं. ज्ञानेश्वरीचा छंद, गोष्ट बेथलेहेमची. छंदाने कुरकुर केली नाही. मग गिटारने का करावी?

दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडने 2000 साली ‘कंदिसा’ केलं, केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची प्रार्थना. शब्दांचा अर्थ ऐकणाऱ्यांतल्या शंभरातल्या एकालाही माहीत नसेल, तरी कॉलेजच्या मैदानावर पोरं डोळे मिटून गातात. ही भक्ती की नुसता सूर? मी दोन्ही बाजूंनी बोलू शकतो, म्हणून हा प्रश्न सोडून देतो.

तुमच्या भांडणाबद्दल मात्र बोलायचंच आहे. तुम्ही रत्नागिरीचे, म्हणजे शक्ती-तुरा बघितलेला असणार. शक्तीवाले म्हणतात आदिमाया थोर, तुरेवाले म्हणतात शिव थोर, आणि दोन शाहीर रात्रभर त्यावर गाऊन भांडतात. आधी गण, मग गवळण, मग सवाल-जवाब. सवाल टाकणाऱ्याला उत्तर ठाऊक असावं लागतं, उत्तर देणाऱ्याने पुराणातला आधार दाखवायचा असतो. शैव-शाक्त वादाची एवढी लोकप्रिय शाळा दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. आणि यात कुणी कुणाला ‘तू खरा भक्त आहेस का’ विचारत नाही, कारण त्याला आधार दाखवता येत नाही. हल्ली काही ठिकाणी आधार कमी आणि एकमेकांच्या अंगावर टोमणे जास्त झालेत, जुनी माणसं उठून जातात. तुमच्या ग्रुपमध्ये तेच झालेलं दिसतंय. ‘बँड विकला गेला’, ‘तुला इंग्रजी कळत नाही’ हे टोमणे झाले.

तेव्हा एकदा गाणं सगळ्यांनी मिळून पूर्ण ऐका, आणि ‘तू’ जिथे जिथे येतो तिथे थांबा. तो ‘तू’ म्हणजे बायको, असं धरून शेवटचं कडवं जुळतं का बघा. न्यायाचा दिवस बायकोला कसा लावणार, हा सवाल दुसऱ्या तटाला टाका. पहिल्या तटाला विचारा, प्रचार असेल तर गायक कुणाला काय करायला सांगतोय, ती ओळ दाखव. मला वाटतं त्यांना ती सापडणार नाही. आणि ग्रुप सोडून गेलेल्याला हे ऐकायला बोलवाच, त्याच्याकडे एखादा चांगला सवाल असेल.