कोडिंग शून्य येत असेल तर ‘रिसर्च बाजार’ला जाऊन उपयोग होतो का?

होतो, बिनधास्त जा. हा महोत्सव संशोधकांना कोडिंगसारखी डिजिटल कौशल्यं शिकवण्यासाठी असतो आणि त्यात नवख्यांनाही जागा असते, त्यामुळे समाजशास्त्रात पीएचडी करताय म्हणून बिचकू नका. मेलबर्न विद्यापीठातून सुरू झालेला हा प्रकार आता अनेक देशांतली विद्यापीठं आपापल्या पद्धतीने भरवतात. अशा कार्यशाळांत मी मदतनीस म्हणून बसलोय. बरेच धडे ‘द कार्पेंट्रीज’चे (संशोधकांना कोडिंग आणि डेटा हाताळणं शिकवणारी संस्था) असतात आणि कोडची पहिली ओळ सगळे एकत्रच टाइप करतात. प्रत्येकाला दोन रंगांच्या स्टिकी नोट मिळतात: जमलं की एक रंग लॅपटॉपच्या पाठीवर, अडलं की दुसरा. हात वर करायची लाज नाही, मदतनीस आपणहून येतो. नवख्याने आधी हे निवडावं:

- स्प्रेडशीट नीट ठेवणं आणि ओपनरिफाइन या मोफत सॉफ्टवेअरने डेटा साफ करणं (हे कंटाळवाणं वाटतं, पण एक्सेल ‘सेप्ट१’सारख्या जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकायचं, म्हणून २०२० मध्ये ती नावंच बदलावी लागली!)
- मग आर किंवा पायथन यांपैकी एक प्रोग्रॅमिंग भाषा, दोन्ही एकदम नको
- गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) नंतर

एक मात्र आहे, दोन-तीन दिवसांत भाषा येत नाही, फक्त भीती जाते. जाताना स्वतःची एखादी खरी, गचाळ फाइल बरोबर न्या आणि परतल्यावर त्याच आठवड्यात तिच्यावर हात चालवा, नाहीतर महिन्याभरात सगळं पुसलं जातं.