गाडीतले हिरवे कूलंट काढून लाल कूलंट भरले तर चालेल का, आणि ते घरी कसे बदलावे?

आपली पेट्रोल गाडी सहा वर्षांची आहे, कूलंट एकदाही बदललेले नाही, गॅरेजमध्ये ‘लाल टाका, ते सगळ्या गाड्यांना चालते’ असे सांगितले गेले आहे, आणि आपल्याकडे बर्फ पडत नसताना साधे पाणी का नको, असेही आपण विचारले आहे. पाण्याचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे चूक झाली की पुढे कितीही महागडे कूलंट भरून उपयोग होत नाही.

उष्णता वाहून नेण्यात पाणी कूलंटमधल्या मुख्य द्रवापेक्षा, म्हणजे ग्लायकॉलपेक्षा, सरस आहे, हे खरे. उकळण्याच्या बाबतीतही फरक लोक समजतात तेवढा मोठा नाही. निम्मे इथिलीन ग्लायकॉल असलेले मिश्रण साध्या पाण्यापेक्षा सात-आठ अंश वर उकळते, इतकेच. कूलंटचे खरे काम आहे ते गंज रोखण्याचे. इंजिनात ॲल्युमिनियमचे हेड (इंजिनाचा वरचा भाग), लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा ब्लॉक (खालचा मुख्य भाग), रबरी होज आणि वॉटर पंपाचे सील हे सगळे एकाच द्रवात रात्रंदिवस बुडालेले असते, आणि त्या द्रवातली गंजरोधक द्रव्ये वापराने संपत जातात. संपली, तरी रंग मात्र तसाच राहू शकतो.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. दोन उन्हाळे मी टाकीत बोअरचे पाणी घालत राहिलो, ज्या पाण्यात आमच्या घरी तूरडाळ धड शिजत नाही तेच पाणी. मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकला. दुसऱ्या दिवशी रेडिएटर उघडला, तर झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट-तांबूस थर होता, जो नखाने खरवडावा लागला, आणि वॉटर पंपाची लोखंडी पाती जुन्या विळ्यासारखी कडेने खाल्ली गेली होती. तेव्हापासून बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी सोडून दुसरे पाणी मी इंजिनात जाऊ देत नाही. रस्त्यात अडचण आली, तर कोणतेही स्वच्छ पाणी घालून घरी यावे, पण नंतर ते काढून टाकावे.

आता रंगाविषयी. हिरवा, लाल, गुलाबी, निळा हे केवळ कारखान्यात मिसळलेले रंग आहेत. कोणत्या रंगात कोणते रसायन असावे असा सर्वमान्य नियम नाही. पाहायचे असते ते गंजरोधकाचे रसायन. जुन्या पद्धतीच्या अकार्बनी द्रव्यांचे कूलंट साधारण दोन-तीन वर्षांत बदलावे लागते, तर सेंद्रिय आम्लांवर आधारलेले बहुधा पाच वर्षे किंवा त्याहून अधिक टिकते. जपानी आणि कोरियन कंपन्या सहसा फॉस्फेट असलेले व सिलिकेट नसलेले कूलंट सांगतात, तर युरोपीय कंपन्यांनी फॉस्फेट टाळले, कारण तिथल्या जड पाण्यातल्या कॅल्शियमबरोबर त्याचा साका बसतो. एका प्रकारात दुसरा मिसळल्याने गाडी लगेच बंद पडते असे नाही, पण टिकाऊपणा घटतो आणि काही मिश्रणांतून जेलीसारखा गाळ तयार होऊन रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकार किंवा मानक (उदाहरणार्थ जेआयएस के 2234 किंवा एएसटीएम डी 3306) डब्यावर शोधावे. ते जुळले तर लाल चालेल. ‘सगळ्या गाड्यांना चालते’ एवढ्या शब्दावर मात्र भरू नये.

बदलताना इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी थेट अंगावर येते. हीटर पूर्ण गरम बाजूला ठेवावा, रेडिएटरखालचा ड्रेन किंवा खालचा होज उघडावा आणि निघालेला द्रव मोजून घ्यावा. ही मोजणी बहुतेक जण करत नाहीत आणि तिथेच फसतात. समजा, पुस्तिकेप्रमाणे एकूण क्षमता 5 लिटर आहे आणि निघाले 3 लिटर. उरलेले 2 लिटर ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये असते. डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा धुतल्यावर (प्रत्येक वेळी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, आपोआप उघडून वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन चालवून) ते 2 लिटर जवळजवळ निव्वळ पाणी होते. त्यावर 3 लिटर तयार मिश्रण (निम्मे ग्लायकॉल, निम्मे पाणी) ओतले, तर त्यात ग्लायकॉल दीड लिटरच, म्हणजे एकूण जेमतेम 30 टक्के आणि गंजरोधकही त्याच मापात कमी. म्हणून धुणार असाल, तर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेले कूलंट) घ्यावे: आधी अडीच लिटर ते आणि मग अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी. न धुता, चांगल्या स्थितीतले त्याच प्रकारचे कूलंट बदलत असाल, तर तयार मिश्रण पुरेसे आहे. आपल्या सहा वर्षांच्या द्रवासाठी मी धुण्याचाच सल्ला देईन.

भरल्यावर झाकण उघडे ठेवून इंजिन चालवावे, वरचा होज हलकेच दाबत राहावा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत जावी. आत हवा अडकली तर हेड एका जागी तापते. झाकणाचे रबर कडक झाले असेल, तर तेही त्याच दाबाचे नवे घ्यावे. निघालेला द्रव तेलकट, दुधाळ दिसला, तर कूलंट बाजूला ठेवून आधी हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील) तपासून घ्यावे.

एक कळकळीची विनंती. जुने कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, कुत्री-मांजरे ते चाटतात, आणि थोडेसेही पोटात गेले तरी त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. लहान मुलांनाही तोच धोका आहे. ते बंद कॅनमध्ये भरून, जुने ऑइल गोळा करणारे गॅरेज ते घेत असेल तर तिथे द्यावे, आणि सांडलेले भरपूर पाण्याने धुऊन काढावे.

दोन दिवसांनी थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी, कारण अडकलेली हवा निघाली की ती थोडी उतरतेच. मी बॉनेटच्या आत चिकटपट्टीवर तारीख, किलोमीटर आणि कूलंटचे नाव लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी कुणी रंग पाहून दुसरेच काही ओतत नाही.