दहा वर्षांनंतरही न पचलेला पराभव

प्रश्न : मी इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेतल्या एफसी गोवा संघाचा पहिल्या हंगामापासूनचा पाठीराखा आहे. २० डिसेंबर २०१५ रोजी फातोर्ड्याच्या स्टेडियमवर चेन्नईयिन संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात ८७व्या मिनिटाला आपला संघ २-१ असा पुढे होता, आणि तरीही आपण ३-२ असे हरलो. आपल्या गोलरक्षकाच्या त्या स्वयंगोलाबद्दल, म्हणजे स्वतःच्याच जाळ्यात गेलेल्या गोलाबद्दल, मी त्यांना अजून क्षमा करू शकलेलो नाही. २०१९ च्या अंतिम सामन्यात आपल्या अहमद जाहू यांना लाल कार्ड दाखवणाऱ्या पंचांनाही नाही. २०२२ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाकडून हरल्यावर फ्रान्सच्या चाहत्यांनी जशी सामना पुन्हा खेळवण्याची मागणी केली, तशी सोय आपल्याकडे का नाही? घरचे म्हणतात की खेळ म्हणून सोडून दे. मला ते जमत नाही. यात माझे काही चुकते आहे का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : दुःख झाले यात आपले काहीही चुकलेले नाही, आणि 'खेळ म्हणून सोडून दे' या सल्ल्याचा आजवर कोणत्याही पाठीराख्याला उपयोग झाल्याचे मला ठाऊक नाही. त्या हंगामात गोव्याचा संघ साखळीत अव्वल होता, प्रशिक्षक म्हणून ब्राझीलचे महान खेळाडू झिको यांच्यासारखा माणूस लाभला होता, अंतिम सामना घरच्या मैदानावर होता आणि सामना संपायला जेमतेम काही मिनिटे उरली होती. असा पराभव जिव्हारी लागणारच. दुःख आणि दोषारोप या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या पत्रातला बराचसा भाग दुसऱ्या गोष्टीने व्यापला आहे.

ज्यांना आपण क्षमा करू शकत नाही, त्या लक्ष्मीकांत कट्टीमणी यांच्याविषयी आधी बोलू. ९०व्या मिनिटाला त्यांच्या नावावर स्वयंगोल लागला आणि भरपाई वेळेत स्टिव्हन मेंडोझा यांनी विजयी गोल केला, हे खरे आहे. पण त्याच सामन्यात त्यांनी पेनल्टीही अडवली होती. ती आपल्या पत्रात कुठेही आलेली नाही, आणि आपल्यासारख्या बहुतेकांच्या आठवणीतही ती राहिलेली नाही. पुढे २० मार्च २०२२ रोजी, त्याच फातोर्ड्याच्या मैदानावर, हेच कट्टीमणी हैदराबादच्या गोलात उभे होते. केरळ ब्लास्टर्सविरुद्धचा तो अंतिम सामना १-१ असा बरोबरीत सुटला, आणि हैदराबादसाठी बरोबरीचा गोल ८८व्या मिनिटाला साहिल तावोरा या गोमंतकीय खेळाडूने केला होता. पेनल्टी शूटआउटमध्ये कट्टीमणी यांनी तीन फटके अडवले आणि हैदराबादने ३-१ असे विजेतेपद मिळवले. केरळच्या पाठीराख्यांसाठी तो अंतिम सामन्यातला तिसरा पराभव होता; २०१४ आणि २०१६ मध्येही त्यांच्या हाती काही लागले नव्हते. आपण त्या रात्री दूरचित्रवाणीसमोर होता की नाही हे पत्रावरून कळत नाही, पण नसाल तर ती शूटआउट मिळवून अवश्य पाहावी, असे मी आग्रहाने सुचवीन.

एका माणसावर सगळा पराभव टाकण्याची ही खोड जुनी आहे आणि ती किती दूर जाते, हे ब्राझीलने दाखवले आहे. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना स्टेडियमवर ब्राझीलला विश्वविजेतेपदासाठी केवळ बरोबरी पुरेशी होती, कारण त्या वर्षी अंतिम फेरी चार संघांच्या साखळीची होती. उरुग्वेने सामना २-१ असा जिंकला. ७९व्या मिनिटाला उरुग्वेच्या घिगिया यांनी ब्राझीलचे गोलरक्षक मोआसिर बार्बोसा आणि जवळचा खांब यांच्यामधून चेंडू मारला. पहिला गोल करूनही ब्राझीलच्या आक्रमणाला दुसरा का करता आला नाही, उरुग्वेच्या बरोबरीच्या गोलाच्या वेळी डावी बाजू मोकळी कशी राहिली, हे प्रश्न मागे पडले. संघाने पांढरा पोशाख टाकून दिला आणि पुढे पिवळा स्वीकारला. बार्बोसा मात्र २००० मध्ये निधन होईपर्यंत त्या एका गोलाचे धनी राहिले. मला यात ब्राझीलच्या प्रेमापेक्षा ब्राझीलचा आळस अधिक दिसतो, कारण अकरा जणांचा खेळ समजून घेण्यापेक्षा एकाला दोष देणे फार सोपे असते.

आता पंचांविषयी. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत बेंगळुरूविरुद्ध निर्धारित वेळेत गोल झाला नाही, जादा वेळेत जाहू यांना दुसरे पिवळे, म्हणजेच लाल, कार्ड मिळाले आणि दहा जणांनिशी खेळणाऱ्या गोव्यावर ११७व्या मिनिटाला कॉर्नरवरून राहुल भेके यांनी डोक्याने गोल केला. भेके मुंबईचे, म्हणजे घाव घालणाराही आपल्याच किनाऱ्यावरचा. त्या कार्डाबद्दल आपले मत मी बदलू पाहत नाही. मात्र त्याच हंगामात साखळीतले दोन्ही सामने बेंगळुरूनेच जिंकले होते, आणि दोन्ही संघांचे गुण समान असूनही बेंगळुरू पहिल्या क्रमांकावर राहिले ते याच निकालांमुळे. तेव्हा कार्डाने एरवी जिंकता येणारा सामना हिरावून नेला, असे म्हणताना हे दोन सामनेही हिशेबात धरावे लागतात.

सामना पुन्हा खेळवण्याच्या मागणीचे उत्तर थोडक्यात देतो. खेळाच्या नियमांनुसार गोल झाला की नाही आणि सामन्याचा निकाल काय, याबाबत पंचांचा निर्णय अंतिम असतो. १८ डिसेंबर २०२२ च्या विश्वचषक अंतिम सामन्यानंतर फ्रान्समध्ये दोन लाखांहून अधिक लोकांनी फेरसामन्याच्या निवेदनावर सह्या केल्या. मेस्सी यांच्या दुसऱ्या गोलाच्या वेळी अर्जेंटिनाचे राखीव खेळाडू मैदानात शिरले होते, असाही आक्षेप घेतला गेला. त्यावर पंच शिमॉन मार्चिनियाक यांनी पत्रकारांना मोबाइलवरचे छायाचित्र दाखवले, त्यात एम्बापे यांच्या गोलाच्या वेळी फ्रान्सचे सात जादा जण मैदानात होते! तक्रार करण्यापूर्वी आपल्या बाजूची चित्रफीतही पाहून घ्यावी, हे बरे.

गोव्याच्या खात्यात जमेची बाजूही आहे. २०१९ मध्ये सुपर कपच्या अंतिम सामन्यात याच चेन्नईयिनला आपण २-१ असे हरवले. २०१९-२० मध्ये साखळी विजेत्यांची पहिली ढाल मिळवून गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला, आणि २०२१ मध्ये फातोर्ड्यावरच कतारच्या अल रय्यान संघाला गोलशून्य बरोबरीत रोखले. याने २०१५ ची भरपाई होत नाही, हे मी मान्य करतो. एप्रिल २०२४ मध्ये उपांत्य फेरीत ९०व्या मिनिटापर्यंत २-० ने पुढे असलेला गोवा त्याच मैदानावर मुंबई सिटीकडून ३-२ असा हरला, तेव्हा जुनी जखम पुन्हा उघडली असणार. आपण स्टेडियमवर जाणे सोडले असेल, तर साखळीतल्या एखाद्या साध्या सामन्यापासून पुन्हा सुरुवात करावी. थेट अंतिम सामन्याची वाट पाहू नये.

प्रश्न : आमच्या पेठेचा संघ अंतिम सामन्यात हरल्यापासून माझा सोळा वर्षांचा मुलगा नीट जेवत नाही आणि रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर दुसऱ्या पेठेच्या मुलांशी भांडतो. त्याला कसे समजवावे?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, जेवणाची चिंता करू नका, ते दोन-चार दिवसांत पूर्ववत होईल. भांडणाची चिंता मात्र करा. कोल्हापुरात तालमीचा संघ हा घरच्यासारखा असतो, आणि शाहू स्टेडियमवरची ईर्ष्या सामन्यानंतर गल्लीत उतरल्याचे प्रसंग आपण सर्वांनी ऐकले आहेत. त्याला सामन्याबद्दल बोलू द्या, स्वतः प्रश्न विचारा, कोणता गोल कसा झाला ते त्याच्याकडून समजून घ्या. पण रात्रीचा मोबाइल काढून घ्या आणि त्यावर तडजोड करू नका. दुसऱ्या पेठेतली यातली काही मुले त्याच्याच शाळेत किंवा शिकवणीत असतील. त्यांच्यापैकी एकाला घरी बोलावता आले, तर माझ्या सल्ल्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. आणि संघाच्या सरावाला तो जात असेल, तर तिथल्या प्रशिक्षकांच्या कानावर ही गोष्ट आजच घाला.