आधी पोटगी वसूल करायला शिका, मग मध्यस्थ व्हा

नुकतीच वकिलीची सनद मिळालीये, धुळ्याला सीनियरकडे बसता, आणि कौटुंबिक कामात पडावं का, मध्यस्थीचं चाळीस तासांचं प्रशिक्षण आत्ताच उरकावं का, असं तुम्ही विचारलंय. कामात जरूर पडा. प्रशिक्षणाची घाई नको.

मी वीसेक वर्षं जळगाव जिल्ह्यात हेच करते. पहिली पाच-सहा वर्षं पोटगी, डीव्ही (कौटुंबिक हिंसाचार) आणि वसुलीचे अर्ज. हुकूम होतो, पैसा येत नाही. नवरा सुरतेला लूमवर, पगार रोख, वॉरंट पोचेपर्यंत खोली बदललेली. पोटगीचं जुनं कलम १२५ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४ झालं; खोली बदलणारा नवरा तोच आहे. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर दोघांनाही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते बारकाईनं वाचायची सवय लावून घ्या. मध्यस्थीच्या टेबलावर कोण काय दडवतंय ते त्यातूनच कळतं.

माझी सुरुवातीची एक तडजोड सांगते. चोपड्याकडची मुलगी, नवरा सुरतेत. दोन बैठकांत पुरसीस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) लिहिली, 'दोघे सुखाने नांदतील'. सगळे खूश, मी जास्तच. चार महिन्यांत मुलगी माहेरी परत! मग तिला एकटीला बसवलं आणि अहिराणीत विचारलं, "तुले काय व्हयनं, माय?" तेव्हा बोलली. एकाच खोलीत सासू, दीर आणि हे दोघं. तिला मारहाण नव्हती, हुंड्याचा वाद नव्हता. तिला फक्त आडोसा हवा होता. दुसऱ्या तडजोडीत वेगळी खोली कधीपर्यंत, भाडं कोण देणार, सासूला महिन्याला किती, हे तारखेनिशी लिहिलं. पुढे ते टिकलं. पहिल्या वेळी मी सगळ्यांसमोर विचारत होते, आणि मामा-काकांच्या गराड्यात बाई 'हो'च म्हणते. एकांतात सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय पलीकडे न्यायचं नाही, हेही तेव्हाच शिकले.

नवीन वकील हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे ४९८अ, सासरच्या छळाचा गुन्हा. (नवे गुन्हे आता न्याय संहितेच्या ८५ खाली.) खालच्या कोर्टात तो आपसांत मिटवता येत नाही. गुन्हा रद्द करून घ्यायला औरंगाबाद खंडपीठात जावं लागतं. तडजोडीत ते आणि त्याचा खर्च लिहिला नाही, तर बाकी सगळं मिटूनही नवरा तारखा करत बसतो. वेगळं व्हायचं ठरलं तरी मध्यस्थीच्या कागदानं घटस्फोट होत नाही, हिंदू विवाह कायद्याच्या १३ब खाली परस्परसंमतीचा अर्ज लागतोच. अर्जानंतर सहा महिने थांबायची अट मात्र २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर कोर्ट योग्य प्रकरणात माफ करतं.

आपल्याकडे पक्षकार तुमच्याआधी बहुतेक वेळा जातीच्या पंचांकडे जाऊन आलेला असतो. लेवा समाजाची पाडळशाची भोरगाव पंचायत तर सर्वांना माहीत आहे. नाक मुरडू नका, तिथे काय ठरलं ते विचारा. पण स्टँपवरची काडीमोड पुढे करून कोणी दुसरं लग्न ठरवत असेल तर थांबवा. हिंदू विवाह कायदा रूढीचा घटस्फोट मानतो, कलम २९(२), पण ती रूढी पुराव्यानं शाबीत करावी लागते. नंदुरबारकडे काम आलं तर आणखी सावध. भिल्ल, पावरा अनुसूचित जमाती आहेत, आणि केंद्राच्या अधिसूचनेशिवाय त्यांना हा कायदाच लागू नाही. १३ब चा छापील नमुना तिथे चालत नाही.

पैशाचं म्हणाल तर कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रातलं मानधन तुटपुंजं, त्यावर घर चालत नाही. घर चालतं दाव्यांवर. आणि ज्या जोडप्याची मध्यस्थी केली त्यातल्या कोणाचंही वकीलपत्र त्या वादात घेता येत नाही, म्हणजे तेही काम गेलं. मी तरी आठवड्यातून एक दुपार देते, कारण ते काम मला आवडतं.

एक विचारायचं राहिलं. अहिराणी बोलता येते का तुम्हाला?