पैठणचा विसर्ग आणि आपल्या गावचा पूर

प्रश्न : आमचे गाव गंगाखेड तालुक्यात, गंगेच्या म्हणजे गोदावरीच्या काठावर. पैठणच्या जायकवाडी धरणातून आधीपासून थोडे थोडे पाणी का सोडत नाहीत? आणि विसर्गाचा, म्हणजे सोडलेल्या पाण्याचा, आकडा तोच असूनही पाणी एखाद्या वर्षी मळ्यात शिरते, एखाद्या वर्षी शिरत नाही, ते का?

उत्तर : जायकवाडी मुळात सिंचनासाठी बांधले. 1976 मध्ये लोकार्पण झाले, उपयुक्त साठा सुमारे 76 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). कोणत्या तारखेला किती पातळी राखायची, याची परिचलन सूची असते. पण आधी पाणी सोडले आणि नाशिककडे पुढे पाऊसच झाला नाही, तर उन्हाळ्यात टँकर आपल्याच दारात. म्हणून हात आखडतो. तरीही सप्टेंबरात धरण काठोकाठ असताना अतिवृष्टीचा इशारा आला, तर पाणी राखण्याचा मोह सोडलाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हिशोब बघा : धरणात 10 टीएमसी जागा आहे आणि वरून 3 लाख क्युसेक (सेकंदाला 3 लाख घनफूट) आवक आहे, तर दरवाजे बंद ठेवल्यास ती जागा सव्वानऊ तासांत संपते. धरणाची भिंत जवळपास 10 किलोमीटर, बहुतेक मातीची; तिच्यावरून पाणी जाऊ देता येत नाही. मग 27 दरवाजे उघडण्यावाचून इलाज नसतो. 2006 च्या ऑगस्टमध्ये विसर्ग अडीच लाख क्युसेकच्या आसपास गेला, तेव्हा पैठण शहरातही पाणी शिरले.

आता तुमचे गाव. पैठणचा आकडा हा तुमचा पूर नव्हे. वाटेत मंजरथला सिंदफणा नदी मिळते, म्हणून तिच्यावरच्या माजलगाव धरणाचा विसर्ग त्यात मिळवा. ढालेगाव, मुदगल या बंधाऱ्यांवरून काय चालले आहे तेही विचारा. पूर्णा गंगाखेडच्या खाली मिळते. ती नांदेडकरांची चिंता.

मळ्यात पाणी बहुधा नदीतून थेट येत नाही, ओढ्यातून येते. गंगा फुगली की ओढ्याचे पाणी तिला घेता येत नाही, ते मागे दाटते. त्याच वेळी शिवारात पाऊस झाला, तर कमी विसर्गातही शेत बुडते. म्हणून ओढ्याच्या तोंडाशी वीत-वीत अंतरावर रंगाच्या खुणा केलेला बांबू रोवा आणि दर तासाला पातळी लिहा. दोन खुणा चढल्या, की वीज बंद करून मोटार, स्टार्टर वर घ्या, जनावरांची दावी सोडा.

पूर ओसरताना काठावर जाऊ नका. भिजून जड झालेल्या काळ्या मातीला नदीच्या पाण्याचा आधार उरत नाही, आणि काठाला समांतर भेग पडून बैलगाडीएवढा तुकडा एकदम खाली जातो.