वाचकांचे प्रश्न : मुलांसह वाफेच्या छोट्या गाडीची फेरी

प्रश्न : आम्हाला आठ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी आहे. खऱ्या वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या छोट्या गाडीतून दोघांना फेरी मारून आणावी असे आमच्या मनात आहे. मुलाला इंजिनांचे वेड आहे, परंतु मुलगी मोठ्या आवाजाला फार घाबरते. या गाडीवर दोन्ही बाजूंना पाय सोडून उघड्यावर बसावे लागते, असे समजले. ते सुरक्षित असते का, आणि मुलांची तयारी कशी करून घ्यावी?
– एक वाचक

उत्तर : मुलांना अवश्य न्यावे. नीट चालवलेल्या गाडीत ही फेरी सुरक्षित असते. फक्त तोल हा तिथला कळीचा मुद्दा आहे, हे आधी मोठ्यांनी समजून घ्यावे. या गाड्यांचे रूळ दोन रुळांमधल्या अंतरावरून ओळखले जातात. साडेतीन आणि पाच इंची रूळ बहुधा जमिनीपासून उंचावर बांधलेले असतात, तर सव्वासात इंची, म्हणजे 184 मिलिमीटर अंतराचे, रूळ सहसा जमिनीवरच टाकलेले असतात. एवढ्या अरुंद रुळांवर बसणाऱ्याचे वजन बरेच उंचावर येत असल्याने कोणी एका बाजूला झुकले, तर डबा कलंडू शकतो. माझ्या मते याबाबतीत मुलांपेक्षा मोठ्यांनाच अधिक बजावावे लागते, कारण त्यांचे वजन जास्त आणि फोटोसाठी मागे वळण्याची सवयही त्यांचीच. मुलीला आपल्या पुढ्यात बसवावे, सर्वांचे पाय पायपट्टीवर असावेत आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत कोणीही उठू नये. ओढणी किंवा बुटांची सुटलेली नाडी चाकाकडे लोंबणार नाही, हेही पाहावे. धुराड्यातून कोळशाचे बारीक कण उडतात. ते डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून इंजिनापासून दूरची जागा घ्यावी आणि मुलांना साधा चष्मा लावावा.

आता आवाजाविषयी. मुले आवाजापेक्षा त्याच्या अचानकपणाला अधिक दचकतात, असे मला वाटते. त्यामुळे थोडे लवकर जाऊन मुलीला प्रथम लांबून इंजिन पाहू द्यावे आणि शिट्टी एकदा वाजवून दाखवण्याची चालकाला विनंती करावी. शिट्टीपेक्षाही दचकवणारा आवाज सुरक्षा झडपेचा असतो. बॉयलरमधला दाब ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की ती आपोआप उघडते आणि जास्तीची वाफ मोठ्याने फुसकारत बाहेर पडते. पाण्याची वाफ झाली की साध्या हवेच्या दाबाला तिला सुमारे 1,600 पट जागा लागते, म्हणूनच ही झडप हवी. ती उघडणे म्हणजे काही बिघडले असे नव्हे, हे मुलीला सोप्या शब्दांत आधीच सांगून ठेवावे.

मुलाला मात्र एक काम द्यावे. दोन सिलिंडरच्या नेहमीच्या इंजिनात दट्ट्यावर दोन्ही बाजूंनी आळीपाळीने वाफ येते, त्यामुळे मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात चार ‘छुक’ ऐकू येतात. गाडी फलाटावरून हळूहळू निघत असताना ते सहज मोजता येतात. काम झालेली हीच वाफ धुराड्यातून वर जाताना भट्टीतली हवा ओढून घेते आणि प्रत्येक छुकेसरशी निखारे अधिक फुलतात. भट्टीचे दार उघडले असेल, तर हे त्याला सुरक्षित अंतरावरून दिसेलही. इंजिनाला हात मात्र लावू देऊ नये, कारण सात बार दाबाला बॉयलरमधले पाणी सुमारे 170 अंश सेल्सिअस तापलेले असते.

एवढे करूनही मुलगी बिथरली, तर आग्रह करू नये. आपल्यापैकी एकाने तिच्यासोबत फलाटावर थांबावे आणि दुसऱ्याने मुलाला घेऊन जावे. पंधरा इंची रुळांवरच्या गाड्यांत डब्याच्या आत बसता येते. इंग्लंडमधली रॉम्नी, हाइथ अँड डिमचर्च रेल्वे 1927 पासून अशाच रुळांवर धावते आहे. तशी गाडी आवाक्यात असेल, तर मुलीची पहिली फेरी तिच्यातूनच व्हावी, असे मी सुचवेन. तिथे आईवडिलांना तिच्या शेजारी बसता येते आणि इंजिनापासून दूरचा डबाही निवडता येतो.