वेबमेलवरून जातो, थंडरबर्डमध्ये अडतो

प्रश्न : आमच्या लिनक्स सर्व्हरवर पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-स्वीकारणारा प्रोग्राम) आणि डवकॉट (पेटीतला मेल वाचायला देणारा) आहेत. बाहेरून मेल येतो, वेबमेलवरून जातोही. थंडरबर्ड किंवा आउटलुक या मेल क्लायंटमधून पाठवताना मात्र बराच वेळ चक्र फिरतं आणि 'सर्व्हरशी संपर्क झाला नाही' असं येतं. पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) २५ ऐवजी ५८७ टाकलं, तर तेच उत्तर क्षणात येतं. पासवर्ड तपासला, बरोबर आहे.

उत्तर : पासवर्डपर्यंत गाडी अजून आलेलीच नाही. दोन्ही वेळा मजकूर एकच असला तरी दुखणी दोन आहेत, आणि ती ओळखायची वेळेवरून. चक्र फिरत राहिलं म्हणजे वाटेत कुणीतरी पॅकेट गिळलं. स्पॅम रोखण्यासाठी अनेक इंटरनेट पुरवठादार ग्राहकांचं बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद ठेवतात. ते सर्व्हरांच्या आपसातल्या देवाणघेवाणीचं पोर्ट आहे, तुमच्या लॅपटॉपने तिथे जायचं कारण नाही. उलट क्षणात नकार आला म्हणजे पॅकेट पोहोचलं, पण ५८७ वर ऐकायला कुणी बसलेलं नाही. (क्वचित फायरवॉलही असा तडक नकार देते.)

वेबमेल चालतो, याला इथे पुरावा म्हणून किंमत नाही. तो सहसा त्याच मशीनवर असतो आणि १२७.०.०.१ वरून, म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच पत्त्यावरून बोलतो. तो पत्ता पोस्टफिक्सच्या 'मायनेटवर्क्स' (पासवर्ड न मागता मेल पाठवू द्यायचे पत्ते) यादीत असल्यामुळे त्याला फायरवॉलही लागत नाही आणि पासवर्डही.

पोस्टफिक्सच्या सेवांची 'मास्टर डॉट सीएफ' फाइल उघडा. 'सबमिशन' (५८७ ची सेवा) शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीपुढे हॅश (#) असेल, तो काढा. तिच्याखालच्या 'वजा ओ' (-o) च्या ओळींपैकी टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) सक्तीची आणि सास्ल ऑथेंटिकेशन (नाव-पासवर्डची तपासणी) चालू करणारी, या दोन ओळीही उघडा. इथे हमखास घोळ होतो : या दोन ओळींचा फक्त हॅश काढायचा, त्यानंतरच्या मोकळ्या जागा ठेवायच्या. ओळ डाव्या कडेला चिकटली की पोस्टफिक्स तिला नवीच सेवा समजतो आणि चूक दाखवतो. पोस्टफिक्स रीलोड करा, 'एसएस' (ss) आज्ञेने ५८७ वर ऐकणारा दिसतो का ते पाहा आणि फायरवॉलमध्ये ते पोर्ट उघडा.

यानंतर लॉगमध्ये 'प्रायव्हेट/ऑथ'शी जोडणी झाली नाही, फाइल सापडली नाही, अशी तक्रार आली तर ती डवकॉटच्या बाजूची आहे. पासवर्ड तपासण्याचं काम पोस्टफिक्स डवकॉटवर सोपवतो, आणि दोघांमधलं सॉकेट (एकमेकांशी बोलायची खास फाइल) पोस्टफिक्सच्या स्पूल डिरेक्टरीत (मेलच्या रांगेच्या जागी), 'प्रायव्हेट' फोल्डरमध्ये लागतं. डवकॉटच्या ऑथ सेवेत त्या जागी युनिक्स लिसनर (ते सॉकेट उघडणारी नोंद) द्या. मालक आणि ग्रुप पोस्टफिक्स, परवानगी ०६६०. पोस्टफिक्सच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये, 'मेन डॉट सीएफ'मध्ये, सास्लचा प्रकार डवकॉट लिहायला विसरू नका. लिहिला नाही तर पोस्टफिक्स सायरस ही दुसरी सास्ल प्रणाली धरून चालतो.

आता क्लायंट बाजूला ठेवून, दुसऱ्या मशीनवरून ओपनएसएसएलच्या 'एस क्लायंट' (s_client) आज्ञेने स्टार्टटीएलएस (साधी जोडणी मधेच एन्क्रिप्ट करणं) लावून ५८७ ला जोडा आणि 'ईएचएलओ' (मेल सर्व्हरला करायचा नमस्कार) म्हणा. उत्तरात ऑथ, प्लेन, लॉगिन हे शब्द असलेली २५० ची (होकाराची) ओळ हवी. साध्या टेलनेटवर ती बहुधा दिसणार नाही. टीएलएसआधी पासवर्ड मागायचा नाही अशी सेटिंग असली की असंच होतं, तो बिघाड नव्हे. पुढे 'आरसीपीटी' (मेल कुणाला, ते सांगणारी आज्ञा) टाइप करताना लहान अक्षरं वापरा : मोठा आर ओळीच्या सुरुवातीला आला की 'एस क्लायंट' ते टीएलएस पुन्हा ठरवण्याचं फर्मान समजतो आणि तुमची ओळ सर्व्हरपर्यंत जातच नाही.

क्लायंटमध्ये जोडी नीट लावा : ५८७ ला स्टार्टटीएलएस, ४६५ ला एसएसएल/टीएलएस (पहिल्या क्षणापासून एन्क्रिप्शन). ४६५ ला स्टार्टटीएलएस लावलंत तर सर्व्हर टीएलएसच्या पहिल्या निरोपाची वाट पाहतो, क्लायंट सर्व्हरच्या स्वागताची, आणि दोघेही 'आधी तुम्ही' करत बसतात. पुन्हा तेच फिरणारं चक्र.

प्रश्न : ऑफिसमधून मेल जातो, त्याच लॅपटॉपवरून घरी '५५४ रिले ॲक्सेस डिनाइड' (मेल पुढे पाठवायला नकार) येतं. घरचा आयपी पत्ता 'मायनेटवर्क्स'च्या यादीत घालावा का?

उत्तर : नको. घरचा पत्ता उद्या बदलेल. शिवाय वैतागून कुणी त्या यादीत ०.०.०.०/० (म्हणजे जगातले सगळे पत्ते) घातलं, तर तुमचा सर्व्हर अख्ख्या जगाचा स्पॅम वाहू लागेल आणि काळ्या यादीत जाईल. ऑफिसचं नेटवर्क 'मायनेटवर्क्स'मध्ये असल्यामुळे तिथे पासवर्ड कधी विचारलाच गेला नाही, म्हणून क्लायंटमध्ये 'ऑथेंटिकेशन नाही' ही सेटिंग कुणाच्या डोळ्यांवर आली नाही. आउटगोइंग सर्व्हरच्या सेटिंगमध्ये स्टार्टटीएलएस आणि साधा पासवर्ड निवडा. वापरकर्त्याचं नाव बहुधा पूर्ण मेल पत्ता असतं. त्यानंतर ५३५ (लॉगिनला नकार) आला, तर मात्र खरोखरच नाव किंवा पासवर्ड चुकतो आहे. सगळ्यांचे क्लायंट असे लावून झाले की ऑफिसचं नेटवर्क यादीतून काढून टाका. पासवर्ड देऊ न शकणारा जुना स्कॅनर असेल, तर फक्त त्याचा एक पत्ता /३२ लावून ठेवा.